मदत हवी आहे : लॉनचं मशीन लाइटवरचं घ्यावं की पेट्रोलचं?

औसारोड
मंडळी, पटकन सांगा. घरापुढच्या लॉनसाठी गवत कापायचं मशीन घ्यायचंय. लाइटवरचं की पेट्रोलचं? शनिवारी लातूरला दुकानात जाणार आहे. दुकानदार पेट्रोलचंच गळ्यात मारायला बसलाय, मेहुणा म्हणतो लाइटवरचं घे. बजेट पंचवीस हजारांपर्यंत. ज्यांच्याकडे आहे त्यांनीच लिहा, व्हिडिओ बघून डोकं उठलंय.

थ्री फेज
लॉन केवढं आहे? गुंठ्यात सांगा नाहीतर फुटात. बाहेरच्या बाजूला प्लग पॉइंट आहे का? अर्थिंग आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

टू स्ट्रोक
लाइटवरचं घेऊच नका. आमच्या सेलूकडं पावसाचे चार थेंब पडले की लाइट जाते, आणि गवत वाढतं ते पावसातच. सरळ पेट्रोलचा ब्रश कटर घ्या, पाठीला अडकवायचा. धुरे, बांध, नाली, सगळं साफ. पातं बदललं की मी त्याच्यावर सोयाबीन पण काढलंय. एका लिटरला ४० मिली ऑइल मिसळायचं आणि दोरी ओढायची, झालं.

औसारोड
अहो भाऊ, लॉन आहे, बांध नाही. ढकलायचं मशीन पाहिजे, चाकाचं. ब्रश कटर नको.
थ्री फेज : बऱ्यापैकी मोठं आहे. अर्थिंग असेलच की, नवीन घर आहे.

कोरडवाहू
लातुरात लॉन. शाब्बास. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे आली, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी आणलं, तेव्हा धनेगावच्या धरणात चिखल होता. ते विसरले लोक. आमच्या बापजाद्यांचं आयुष्य रानातली हरळी खणून काढण्यात गेलं आणि आता लोक तीच विकत आणून पाणी घालायलेत!

औसारोड
काका, बोअरला पाणी आहे. प्रश्न मशीनचा आहे.

कोरडवाहू
बोअरला तेव्हाही होतंच सगळ्यांच्या.

रोपवाटिका
"बऱ्यापैकी मोठं" म्हणजे काय ते तुम्हालाच ठाऊक. लॉन कोणतं लावलंय? मऊ, बारीक पात्याचं कार्पेटसारखं असेल (नर्सरीत मेक्सिकन, कोरियन अशा नावानं विकतात) तर ते हळू वाढतं, त्याला हलकं मशीन पुरतं. साधी हरळी असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला कापावी लागते. आणि मशीन कुठलंही घ्या, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. संभाजीनगरला माझ्याकडे येणारे निम्मे लोक "लॉन पिवळं पडलं" म्हणून खत मागतात. बघायला गेलं तर गवत वीतभर वाढू दिलेलं असतं आणि मग एकदम जमिनीला टेकवून कापलेलं. दुसरं म्हणजे पातं. कापल्यावर टोक बघा. सरळ कापलेलं असेल तर ठीक. टोक चिंधीसारखं फाटून पांढरट झालं असेल तर पातं बोथट आहे, ते धार लावून घ्या. तिथे खताचा उपयोग नाही.

मोंढा नाका
हल्ली बॅटरीचं मशीन येतं, ते का घेत नाही? वायर नाही, पेट्रोल नाही. नांदेडला माझ्या साडूकडे आहे.

थ्री फेज
बॅटरी चांगली, पण जोडीला दुसरी बॅटरी घ्यायची म्हटलं की मशीनच्या किमतीत मोठीच भर पडते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं. घरात, सावलीत ठेवायची तयारी असेल तर घ्या.

हातमशीन
कुणी हाताच्या मशीनचं नावच काढत नाही. दोन चाकं, मधे गोल फिरणाऱ्या पात्यांचा रूळ, ढकललं की कात्रीसारखं कापतं. लाइट नको, पेट्रोल नको, आवाज नाही. ज्याच्या अंगात कष्ट आहेत त्यानं हेच घ्यावं.

टू स्ट्रोक
आणि गवत वीतभर झालं की? तुमचा रूळ त्याच्यावरून नुसता लोळतो. मी बघितलंय.

हातमशीन
वीतभर होऊ द्यायचंच कशाला? वेळच्या वेळी कापा.

औसारोड
तीन धागे एकाच धाग्यात नका काढू. बरं, माप सांगतो. प्लॉट अडीच गुंठे, त्यात घर. पुढं लॉन अंदाजे नऊशे फूट, मेक्सिकन. मागं थोडी मोकळी जागा, तिथं पावसाळ्यात रान माजतं, गाजरगवत, कुंदा वगैरे. प्लग पोर्चमध्ये आहे. आता तरी सांगा.

थ्री फेज
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एव्हाना मशीन घरी आलं असतं. नऊशे फुटांना लाइटवरचं पुरे. १२-१३ इंची पात्याचं, १२००-१४०० वॅटचं. तासभर चाललं तरी दीड युनिटच्या आत. आता नीट वाचा :

पोर्चमधून लॉनच्या टोकापर्यंत वायर किती लागेल ते टेपनं मोजा. पंचवीस-तीस मीटर असेल तर किमान १.५ स्क्वेअर एमएमची तीन तारांची वायर घ्या. लग्नाच्या मांडवात वापरतात ती बारीक पिवळी वायर नको. ती गरम होते आणि मोटरला व्होल्टेज कमी मिळतं. वायरचं रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेल्या रिळातून लोड घेतला की आतल्या आत इन्सुलेशन वितळतं. कापायला सुरुवात प्लगच्या बाजूनं करायची आणि लांब जात राहायचं, वायर खांद्यावरून मागं सोडायची. म्हणजे वायर कायम कापून झालेल्या बाजूला राहते. ओल्या गवतावर चालवायचं नाही, दव असलं तरी थांबायचं. आणि घरात ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच) आहे का ते बघा. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, ती फक्त वायर जळण्यापासून वाचवते.

टू स्ट्रोक
बघा, एवढी सगळी भानगड. पेट्रोलला यातलं काहीच नाही. ऑइल मिसळा, ओढा, चालू.

कार्बोरेटर
भाऊ, ते ऑइल मिसळणं तुमच्या ब्रश कटरला, टू स्ट्रोकला. चाकाच्या पेट्रोल मोवरला बहुतेक फोर स्ट्रोक इंजिन असतं, ऑइल वेगळ्या जागी भरायचं. उगाच लिहू नका, कुणीतरी मिसळून बसेल. मी दुरुस्ती करतो म्हणून सांगतो, पेट्रोल मोवर चालवताना कमी आणि ठेवून ठेवून जास्त बिघडतात. आपल्याकडं गवत कापायचं म्हणजे जून ते ऑक्टोबर, पुढं फार तर महिन्यातून एकदा. मशीन कोपऱ्यात पडतं, टाकीत पेट्रोल तसंच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं (ते आपल्याच साखर कारखान्यांतून जातं, ती गोष्ट वेगळी). इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उरलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) बंद होतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की माझ्याकडे रांग : "दोरी ओढून हात दुखला, चालू होईना." ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, हे दर वर्षी सांगतो, ऐकत कुणी नाही.

अजून एक. खालचं पातं साफ करायला मशीन आडवं करतात तेव्हा एअर फिल्टर वरच्या बाजूला राहिला पाहिजे. उलट्या अंगावर पाडलं तर ऑइल फिल्टरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट. आणि हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायचीच.

औसारोड
मग पेट्रोल नको असं म्हणताय का? दुकानदार म्हणाला पेट्रोलला मेंटेनन्सच नाही.

कार्बोरेटर
त्याला विकायचंय. दोन-तीन गुंठे सलग लॉन असतं, प्लग लांब असता, तर मीच पेट्रोल सांगितलं असतं. १८ इंची पातं, तासाभरात मैदान मोकळं. तुमच्या नऊशे फुटांना काय करायचंय. चालवणार कोण, माळी का तुम्ही?

औसारोड
मी पुण्याला असतो. लॉनवर अण्णाच असतात सकाळ-संध्याकाळ, तेच चालवणार. वय ७१. मागच्या वर्षी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, बाकी एकदम ठणठणीत.

रोपवाटिका
अहो!! हे आत्ता सांगताय?

कार्बोरेटर
विषय संपला. खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दोरी ओढायला लावू नका. नवीन मशीन दोन हिसक्यांत चालू होतं, जुनं झालं की होत नाही. त्यात वजन. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर जड मोवरची चाकं रुततात, ती ओढून काढायला तरणा गडी लागतो.

हातमशीन
हाताच्या मशीनला दोरी नसते.

रोपवाटिका
पण ढकलायला खांदाच लागतो ना दादा. जाऊ द्या आता.

थ्री फेज
अण्णा चालवणार असतील तर आरसीसीबी बसवल्याशिवाय मशीन घरात आणू नका. "असेलच की" चालणार नाही. कुणाला तरी बोलावून टेस्ट बटण दाबून बघा, ट्रिप झाली पाहिजे. आणि अण्णांना चपलेवर चालवू देऊ नका, बंद बूट. लॉनमधले दगड, खिळे आधी वेचून घ्यायचे, पातं खडा गोळीसारखा फेकतं.

मोंढा नाका
वय जास्त असेल तर बॅटरीचंच बरं, वायरीत पाय अडकायची भीती नाही. मी आधीच म्हणालो होतो.

थ्री फेज
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. बजेटमध्ये चांगल्या कंपनीचं मिळालं आणि लातुरात सर्व्हिस असेल तर बॅटरी घ्या, नाहीतर वायरचं. सर्व्हिस कुठे होते हे दुकानदाराला बिलावर लिहून मागा, तोंडी नको.

कोरडवाहू
अण्णांना विचारलंय का कुणी? माझ्या वयाचे दिसतात. मशीन आलं की ते अंगणात बसायचे बंद होतील आणि माळी लागेल.

औसारोड
काका, मशीन त्यांनीच मागितलंय. विळ्यानं बसून कापतात, मग पाठ धरते म्हणून फोनवर कुरकुर. आणि मागच्या जागेचं काय? तिथं गाजरगवत कमरेएवढं झालंय.

रोपवाटिका
मागं मोवर घालूच नका, लाइटवरचंही नको आणि बॅटरीचंही. गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. अंगाला लागलं की खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. अण्णांना पाठवू नका तिथं. फुलं आली असतील तर कापून उपयोग नाही, बी सगळीकडे पसरतं. कुंदा तर नुसता कापून जातच नाही, खालच्या गाठी खणून काढाव्या लागतात. आणि कमरेएवढं रान घराला चिकटून ठेवायचं म्हणजे पावसाळ्यात घोणस बोलावण्यासारखं आहे.

टू स्ट्रोक
मागच्या जागेला ब्रश कटर! मी पहिल्यापासून काय म्हणायलो?

कार्बोरेटर
मागच्या जागेला ब्रश कटरवाला बोलवायचा, वर्षातून दोनदा. विकत घ्यायचा नाही.

औसारोड
ठरलं. शनिवारी बॅटरीचं बघतो, जमलं नाही तर वायरचं. इलेक्ट्रिशियन शुक्रवारी येतोय आरसीसीबी बघायला. धन्यवाद सगळ्यांना.

थ्री फेज
वायर मोजली का?

औसारोड
अण्णांनी पावलांनी मोजली. बावीस पावलं.

थ्री फेज
टेपनं मोजा हो.

आमराई
मध्येच विचारतो. दीड एकर केशर आंबा आहे, खोडांच्या मधलं गवत काढायचंय, मजूर मिळेना. टू स्ट्रोक भाऊ, तुमचा ब्रश कटर चालेल का?

टू स्ट्रोक
आला बघा कामाचा माणूस! चालतोय की, झकास. फक्त खोडाच्या सालीला पातं लागू द्यायचं नाही, बुंध्याजवळ दोरीवालं डोकं (पात्याऐवजी नायलॉनची दोरी फिरते ते) पण लावू नका, साल गोल सोलली की झाड जातं. तिथं खुरप्यानंच काढायचं. झाडं किती फुटांवर आहेत? आणि ठिबक वरून आहे का गाडलेलं?