ग्राफिक्स कार्ड महाग होण्यामागे खरोखर स्पर्धेचाच अभाव आहे का?

धागाकर्ता: मध्यमवर्गी_गेमर

नमस्कार. २०१६ साली घेतलेले एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०६० हे कार्ड मी अजून वापरतो आहे आणि आता ते बदलणे भाग आहे. त्या वेळी अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २४९ डॉलर होती, तर २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० ची २९९ डॉलर. सात वर्षांची महागाई जमेस धरली तर ही वाढ फार म्हणता येणार नाही. परंतु जुन्या कार्डाची मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातली वाट, १९२ बिटची होती, नव्याची १२८ बिटची आहे. मधल्या आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी मेमरी मिळत असे, ती पुढच्या पिढीत ८ जीबीवर आली. सर्वात वरच्या पायरीवर तर २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय ६९९ डॉलरला होते आणि २०२५ चे आरटीएक्स ५०९० १९९९ डॉलरला आले.

याविषयी कोठेही विचारले की ‘स्पर्धाच उरली नाही’ हे एकच उत्तर मिळते. ते चुकीचे आहे असे मला म्हणायचे नाही. पण चिप बनवण्याचा खर्चही वाढला आहे, हेही तितकेच ठामपणे सांगितले जाते. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न आहेत. खर्च तोच असताना केवळ प्रतिस्पर्ध्यामुळे भाव हलले, अशी स्वच्छ उदाहरणे आहेत का? आणि दोन पिढ्यांमधले अंतर वाढण्यामागेही हेच कारण आहे का?

प्रतिसाद १: जुनापुराणा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे, आणि त्यासाठी २००८ च्या जूनइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. एनव्हिडियाने त्या महिन्यात जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आणि जीटीएक्स २६० हे ३९९ डॉलरला बाजारात आणले. काही दिवसांतच तिची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीची एचडी ४८५० आणि एचडी ४८७० ही कार्डे अनुक्रमे १९९ आणि २९९ डॉलरला आली. त्यांपैकी ४८७० हे २६० च्या तोडीस तोड होते. पुढच्या काही आठवड्यांत एनव्हिडियाने २८० चा भाव ४९९ वर आणि २६० चा २९९ वर उतरवला. चिप तीच होती, कारखाना तोच होता आणि वेफरचा (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिपा कापतात तिचा) दरही एका महिन्यात पडलेला नव्हता. बदलले होते ते एवढेच, की ग्राहकाला शेजारच्या दुकानात दुसरा माल दिसू लागला होता.

याची उलट बाजू त्याच्या वर्षभर आधी दिसली होती. २००६ च्या नोव्हेंबरात ८८०० जीटीएक्स ५९९ डॉलरला आले आणि एएमडीचे उत्तर, म्हणजे एचडी २९०० एक्सटी, २००७ च्या मे महिन्यात उशिरा आणि अपेक्षेपेक्षा फारच कमी ताकदीचे निघाले. त्याच महिन्यात एनव्हिडियाने त्याच चिपचा वेग थोडासा वाढवून ८८०० अल्ट्रा ८२९ डॉलरला विकायला काढले. समोर कोणी नसताना भाव कोठवर ताणता येतो याची ती चाचणीच होती, असे मला आजही वाटते.

२०१३ मध्ये हाच खेळ पुन्हा झाला. मे महिन्यात ६४९ डॉलरला आलेले जीटीएक्स ७८० ऑक्टोबरात एएमडीचे आर९ २९०एक्स ५४९ डॉलरला येताच ४९९ वर आले. मात्र किंमत हे स्पर्धेचे फक्त वरवर दिसणारे लक्षण आहे. खरी हालचाल कोणत्या नावाखाली कोणती चिप दिली जाते यात होत असते. २०१२ च्या जानेवारीत एचडी ७९७० हे ५४९ डॉलरला आले. त्याला मागे टाकण्यास आपली मधल्या आकाराची, सुमारे २९४ चौरस मिलिमीटरची चिप पुरेशी आहे असे एनव्हिडियाला दिसले, आणि तीच जीटीएक्स ६८० या अग्रक्रमाच्या नावाने ४९९ डॉलरला आली. ग्राहक खूश झाला, कारण भाव प्रतिस्पर्ध्यापेक्षा ५० डॉलरने कमी होता. परंतु त्याच्या पदरात पडली ती मधल्या वर्गाची चिप. तेव्हापासून नावांची शिडी तशीच राहिली आणि चिपा एकेक पायरी खाली सरकत गेल्या.

प्रतिसाद २: वेफरवाला

वरील उदाहरणे खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला अर्धाच मान्य आहे. २००८ मध्ये डॉलरची जी किंमत होती ती आज नाही. अमेरिकेतील सर्वसाधारण भावपातळी तेव्हापासून सुमारे दीडपट झाली आहे. त्या हिशेबाने २००८ चे ६४९ डॉलर म्हणजे आजचे साडेनऊशेच्या घरातले होतात. शिवाय आज एनव्हिडिया आणि एएमडी या दोघींच्याही गेमिंग चिपा तैवानच्या टीएसएमसीकडेच बनतात. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचा कच्चा माल एकाच दारातून येत असेल आणि त्या दारात दोघींपेक्षा मोठे गिऱ्हाईकही रांगेत उभे असेल, तर स्वस्त विकण्याची स्पर्धा करणार तरी कशाच्या बळावर?

२०२० मध्ये हे वेगळे होते, आणि तो काळ बारकाईने पाहण्यासारखा आहे. एनव्हिडियाने त्या पिढीपुरता सॅमसंगचा ८ नॅनोमीटरचा कारखाना निवडला होता, जो टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरपेक्षा मागासलेला, पण तुलनेने स्वस्त मानला जात असे. त्यामुळे ६२८ चौरस मिलिमीटरची मोठी चिप आरटीएक्स ३०८० च्या रूपाने ६९९ डॉलरला देणे शक्य झाले. पुढच्या पिढीत एनव्हिडिया टीएसएमसीकडे परतली आणि आरटीएक्स ४०८० मध्ये ३७९ चौरस मिलिमीटरची चिप ११९९ डॉलरला आली. एवढी मोठी उडी निव्वळ वेफरच्या दराने होत नाही, हे मी कबूल करतो. पण वेफरचा दर त्यात नव्हताच, असे म्हणणेही बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. २०२० च्या त्या भावामागे एएमडीचे येऊ घातलेले आरएक्स ६८०० एक्सटी जसे होते, तसाच त्या नोव्हेंबरात ४९९ डॉलरला येणारा प्लेस्टेशन ५ सुद्धा होता. अख्खे यंत्र त्या किमतीत मिळत असेल, तर नुसत्या कार्डाला हजार डॉलर मागताना विचार करावा लागतो. म्हणजे स्पर्धा दरवेळी दुसऱ्या कार्डाचीच असते असे नाही. पुढे महामारीतली टंचाई आणि इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवर चालणारे खाणकाम यांनी तो ६९९ चा भाव केवळ कागदावर ठेवला, ही गोष्ट वेगळी.

प्रतिसाद ३: शंकेखोर

या सगळ्या चर्चेत एएमडीला बिचारी समजण्याचा एक मोह असतो, तो टाळावा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो खरा, पण त्यासाठी दोघांनी भांडायला हवे. २०२२ च्या शेवटी एनव्हिडियाने ४०८० ला ११९९ डॉलर लावल्यावर एएमडीने आरएक्स ७९०० एक्सटीएक्स ९९९ ला आणि त्याहून बरेच कमी ताकदीचे ७९०० एक्सटी ८९९ ला आणले. हे दुसरे कार्ड त्या भावाला फारसे कोणी घेईना आणि काही महिन्यांतच ते दुकानांत पुष्कळ खाली आले. समोरच्याने छत्री जितकी उंच धरली, तितक्या उंचीवर तिच्याखाली निवांत उभे राहायचे, अशी ती नीती होती. २०२३ मध्ये आरएक्स ७६०० ची किंमत बाजारात येण्याच्या ऐन तोंडावर २९९ वरून २६९ करण्यात आली. २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटी याच पद्धतीने ४४९ वरून ३९९ वर आले होते. भाव उतरवण्याची जागा होती, हे यावरून उघडच आहे. मग ती आधीच का दिली नाही?

मला वाटते याचे उत्तर ग्राहकाच्या वागणुकीतही आहे. आपल्यापैकी पुष्कळांना एएमडीचे चांगले कार्ड यावे असे वाटते ते एनव्हिडियाचे कार्ड स्वस्त व्हावे म्हणून. डीएलएसएस (कमी तपशिलाचे चित्र एआयने मोठे करून खेळाचा वेग वाढवणारे एनव्हिडियाचे तंत्र), किरणांच्या मागोव्याने खेळातला प्रकाश दाखवण्याचे तंत्र (रे ट्रेसिंग), आणि व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय कामासाठी २००७ पासून रुजलेली एनव्हिडियाची कुडा ही आज्ञाप्रणाली, यांमुळे ५० डॉलरची सवलत पुरेशी ठरत नाही, आणि १५० डॉलरची सवलत देण्याइतका खप एएमडीकडे नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात एनव्हिडियाचा वाटा गेल्या काही वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला आहे. अशा बाजारात दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीला कमी माल चढ्या भावाने विकणे हेच शहाणपणाचे वाटू लागते, आणि तिच्या त्या शहाणपणाचे बिल आपण भरतो.

२०२४ मध्ये एएमडीने सर्वात वरच्या वर्गापेक्षा बाजारातील वाटा वाढवण्याला प्राधान्य देणार असल्याचे सांगितले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला बाजारात आणले. त्याच्या तोलाचे एनव्हिडियाचे ५०७० टीआय ७४९ ला होते. परिणामी मधल्या वर्गात थोडी हालचाल झाली. ५०९० समोर मात्र कोणीच नाही, आणि तो १९९९ चा आकडा त्या मोकळ्या मैदानाचाच आहे.

प्रतिसाद ४: जुनापुराणा

दुसरा प्रश्न तसाच राहिला होता. एनव्हिडियाच्या अग्रक्रमाच्या कार्डांच्या तारखा नुसत्या एका रांगेत मांडल्या तरी पुष्कळ उलगडा होतो. जीटीएक्स ६८० मार्च २०१२ मध्ये आले, ७८० मे २०१३ मध्ये, ९८० सप्टेंबर २०१४ मध्ये आणि १०८० मे २०१६ मध्ये. म्हणजे अंतर १४, १६ आणि २० महिन्यांचे. त्यानंतर आरटीएक्स २०८० सप्टेंबर २०१८ मध्ये, ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये, ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५०९० जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे २८, २४, २५ आणि २७ महिने.

चिपनिर्मितीचे तंत्र मंदावले म्हणून अंतर वाढले, असे वेफरवाला म्हणतील, आणि त्यात तथ्य आहेच. परंतु ६८०, ७८० आणि ९८० ही तिन्ही कार्डे एकाच २८ नॅनोमीटरच्या तंत्रावर बनली होती, हे विसरू नये. तंत्र जागचे हलत नसताना त्या कंपनीने अडीच वर्षांत तीन कार्डे आणली, कारण एचडी ७९७० आणि आर९ २९०एक्स यांनी तिला स्वस्थ बसू दिले नाही. याउलट २०१७ च्या ऑगस्टमध्ये एएमडीचे व्हेगा ६४ आले ते साधारण सव्वा वर्ष जुन्या जीटीएक्स १०८० च्या बरोबरीचे. १०८० टीआय तर त्याच्या पाच महिने आधीच आलेले होते. मग एनव्हिडियाला घाई कसली? पुढची पिढी २०१८ च्या सप्टेंबरात आली आणि येताना २०८० टीआयची किंमत ९९९ डॉलर, कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीची ११९९ डॉलर, अशी घेऊन आली. त्याच पिढीला २०१९ च्या जुलैत आरएक्स ५७०० मालिकेची चाहूल लागताच दहा महिन्यांत ‘सुपर’ कार्डांची भर घालावी लागली.

आज स्थिती आणखी बदलली आहे. २०२५ च्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला डेटा सेंटरमधून ११५ अब्ज डॉलरच्या वर आणि गेमिंगमधून ११ अब्जांच्या थोडा वर महसूल मिळाला. डेटा सेंटरच्या चिपांसाठी दरवर्षी नवे काहीतरी आणण्याचे वेळापत्रक त्याच कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. वेग वाढवण्याची क्षमता नाही असे म्हणता येत नाही. ती कोठे वापरायची याचा तो निर्णय आहे.

प्रतिसाद ५: लॅमिंग्टनकर

आपल्याकडील भावाबद्दल थोडे लिहितो, कारण डॉलरचे आकडे पाहून दुकानात आलेला माणूस हमखास नाराज होतो. आरटीएक्स ५०७० ची अमेरिकेतील किंमत ५४९ डॉलर, करांशिवाय. भारतातील जाहीर किंमत ५९,००० रुपये, करांसह. त्या वेळच्या सुमारे ८६ रुपयांच्या दराने आणि १८ टक्के जीएसटी धरून हिशेब केला तर आकडा साधारण ५५,७०० वर येतो. उरलेल्यात वाहतूक आणि वितरकाचा वाटा आहे. २०१६ मध्ये डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता. तेव्हा धागाकर्त्यांना जाणवणाऱ्या वाढीतला एक मोठा हिस्सा कोणत्याही कंपनीचा नसून रुपयाचा आहे. मात्र एएमडीचा माल आपल्याकडे कमी येतो आणि त्यामुळे अमेरिकेत दिसणारा ५० डॉलरचा फरक इथे अनेकदा विरून जातो. दुबळ्या स्पर्धेची झळ आपल्याला अशी थोडी जास्तच बसते.

मध्यमवर्गी_गेमर

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन कार्डांवर येऊन थांबलो आहे: आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, ज्याची जाहीर किंमत ३४९ डॉलर आहे, आणि आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, जे ४२९ ला आहे. दोन्ही कंपन्यांनी याच नावांखाली ८ जीबीची आवृत्तीही ठेवली आहे, हे पाहून मात्र आश्चर्य वाटले. इथे तर दोघी समोरासमोर आहेत ना?

शंकेखोर

समोरासमोर आहेत, पण दोघींनाही ८ जीबीवरून १६ जीबीकडे जाणाऱ्या ५० डॉलरच्या पायरीवरून ग्राहकाला वर चढवायचे आहे. इंटेलने २०२४ च्या डिसेंबरमध्ये आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड २४९ डॉलरला आणले तेव्हा ही पायरी मोडेल असे वाटले होते. इंटेलचा खप इतका कमी राहिला, की त्या दोघींनी तिकडे लक्ष देण्याचे कारण उरले नाही. आपल्यासाठी म्हणाल तर १६ जीबीच घ्यावे. दोन्ही कार्डांमधला दुकानातला प्रत्यक्ष फरक सहा-सात हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आणि आपण व्हिडिओ संपादनही करत असाल, तर ५०६० टीआय. फक्त खेळांसाठी हवे असेल तर ९०६० एक्सटी. आणि घ्यायचेच असेल तर फार लांबवू नका, कारण २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढू लागले आहेत आणि ते या दोन कंपन्यांच्या भांडणाने उतरणारे नाहीत.