पुरवठादारांना प्रश्नावली पाठवून झाली, आता उत्सर्जन प्रत्यक्षात कमी कसं करायचं?

व्हॉल्व्ह_खरेदी

आम्ही औद्योगिक व्हॉल्व्ह बनवतो. स्कोप ३ चा (आमच्या कारखान्याबाहेर, पुरवठा साखळीत होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा) हिशेब खर्चाच्या पद्धतीने झाला आहे, म्हणजे कोणत्या मालावर किती पैसे गेले ते बघून त्याला रुपयामागच्या उत्सर्जनाचा सरासरी गुणांक लावला. सगळ्यात मोठा वाटा विकत घेतलेल्या मालाचा निघाला: बॉडीची कास्टिंग (साच्यात ओतलेले भाग), स्टेमसाठी स्टीलचे बार, फोर्ज केलेले फ्लँज, ॲक्च्युएटरची ॲल्युमिनियम हाउसिंग. त्यानंतर सगळ्या पुरवठादारांना एक लांबलचक प्रश्नावली गेली. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

सुरुवात कोणापासून करावी? छोटी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) नेमकी कोणती माहिती खरोखर देऊ शकते? आणि आकडे हातात आल्यावर पुढे काय? ‘पुरवठादारांना प्रशिक्षण द्या’ याच्या पुढचं उत्तर हवं आहे.

हिशेब_कार्बनचा

प्रश्नावली आधी थांबवा. कोणाच्या मागे लागायचं हे खर्चावरून ठरवू नका, वजनावरून ठरवा. खरेदी नोंदीतून प्रत्येक भागाचं वार्षिक टन वजन काढा, पुढे धातू आणि तो बनवण्याची पद्धत लिहा, आणि टनामागच्या गुणांकाने गुणा. पैशांच्या यादीत वर असलेली सल्लागार कंपनी किंवा सॉफ्टवेअर या यादीत तळाला जातं आणि कास्टिंग, बार, ॲल्युमिनियम वर येतं. या यादीतले जे थोडे पुरवठादार मिळून साधारण दोन तृतीयांश उत्सर्जन व्यापतात, तेवढेच पहिल्या वर्षी घ्या. बाकीच्यांना सध्या सरासरी गुणांकावरच राहू द्या.

खर्चाच्या पद्धतीत आणखी एक मोठी खोट आहे. भाव वाढला की उत्सर्जन वाढलेलं दिसतं, खरेदी विभागाने भाव पाडला की कमी झालेलं दिसतं. पुरवठादाराने भट्टी बदलली, तरी आकडा हलत नाही. म्हणून तुमच्या प्रयत्नांचं फळ मोजायचं असेल तर निदान या निवडक पुरवठादारांसाठी तरी खऱ्या मोजमापावर यावंच लागेल. आणि पद्धत बदलाल तेव्हा आधारवर्षाचा आकडाही त्याच पद्धतीने पुन्हा काढा, नाहीतर पद्धतीतला फरकच कपात म्हणून मिरवला जाईल.

छोट्या फाउंड्रीला एवढंच विचारा, मागच्या १२ महिन्यांसाठी, एका कारखान्यापुरतं:

वीज किती युनिट (बिलांवरून). प्रत्येक इंधन वेगळं, लिटर किंवा किलोमध्ये, ‘इंधन खर्च’ या नावाखाली पैशात नाही. एकूण चांगला माल किती टन बाहेर गेला आणि त्यातला आपला किती. धातू किती टन घेतला, त्यात पिग आयर्न (खनिजापासून बनलेलं कच्चं लोखंड) किती आणि भंगार किती. एसी-चिलरमध्ये गॅस भरला असेल तर प्रकार आणि किलो.

हे सगळं बिलं आणि स्टोअरच्या नोंदवहीत असतं. ‘तुमचा कार्बन फूटप्रिंट किती?’ असं विचारलं की माणूस अंदाज ठोकतो. गणित तुम्ही करा.

समजा २४ लाख युनिट वीज, ३०,००० लिटर डिझेल, २,००० टन कास्टिंग आणि त्यातली ३०० टन आपली. विजेचा गुणांक युनिटला ०.७ किलो धरला (तिथल्या ग्रिडचा प्रकाशित आकडा घ्यायचा) तर १,६८० टन उत्सर्जन. डिझेल लिटरला २.६८ किलो, म्हणजे सुमारे ८० टन. एकूण १,७६० टन, म्हणजे कास्टिंगच्या टनाला ०.८८ टन. आपल्या वाट्याला २६४ टन. धातूचं उत्सर्जन यात अजून आलेलं नाही, ते वेगळं मिळवायचं. ब्लास्ट फर्नेसमधून (कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीतून) आलेलं पिग आयर्न टनामागे दीड ते दोन टन उत्सर्जन घेऊन येतं. त्यामुळे पिग आणि भंगाराचं प्रमाण न विचारता काढलेला आकडा जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

कारखान्याच्या उत्सर्जनाची मालांमध्ये वाटणी वजनावर करा. त्याच कारखान्यात किलोला भलतेच वेगळे भाव असलेले माल बनत असतील तरच दुसऱ्या पद्धतीचा विचार करा. उत्पादनाच्या कार्बन फूटप्रिंटसाठीच्या आयएसओ १४०६७ या मानकातही आधी प्रक्रिया वेगळ्या मोजता येतात का ते बघायला सांगितलं आहे, वाटणी नंतर. फाउंड्रीत हे सोपं असतं, कारण भट्टीला स्वतंत्र मीटर बसवता येतो.

भट्टी_आणि_हवा

वरच्या उत्तरात मोजणी आली. कपात कुठून येते ते लिहितो, कारण तुमच्याकडून गेलेला माणूस शॉपफ्लोअरवर काय बघतो यावर सगळं अवलंबून आहे.

फाउंड्रीत पहिला आकडा यील्ड: जेवढा धातू ओतला त्यातला किती टक्के चांगली कास्टिंग म्हणून बाहेर पडला. उरलेला रायझर (आकुंचन भरून काढणारा जादा धातू), रनर (धातू साच्यात नेणारी वाट) आणि रिजेक्शनमध्ये जातो आणि पुन्हा वितळवला जातो. यील्ड ५५ टक्के असेल तर एक टन मालासाठी १.८२ टन वितळवावं लागतं, ६५ असेल तर १.५४ टन. इंडक्शन भट्टीला टनाला ६०० युनिट धरले तर फक्त एवढ्या फरकाने टनामागे सुमारे १६८ युनिट वाचतात. नवी भट्टी घ्यावी लागत नाही, सॉलिडिफिकेशन सिम्युलेशन (धातू कसा गोठेल हे संगणकावर बघणं) आणि पॅटर्नमधला, म्हणजे साच्याच्या नमुन्यातला, बदल पुरतो.

इथे खरेदीदाराने स्वतःचं ड्रॉइंग उघडायला हवं. बॉडीला जिथे जाड फ्लँज एकदम पातळ भिंतीला मिळतो, तिथे आकुंचनाची पोकळी टाळायला मोठा रायझर द्यावाच लागतो. मशिनिंग अलाउन्स (नंतर कापून काढायचा जादा थर) ६ मिमी ठेवला आहे, ३ मध्ये भागतं का? हा निर्णय फाउंड्रीच्या हातात नाही, तुमच्या डिझाइन विभागाच्या हातात आहे. पुरवठादाराला उत्सर्जनाचं लक्ष्य द्यायचं आणि ड्रॉइंगला हात लावू द्यायचा नाही, हे अन्यायाचं आहे.

दुसरं, ऑर्डरची पद्धत. आज २ टन हवे, परवा अर्धा टन तातडीने, अशा मागणीमुळे भट्टी अर्धी भरून चालते किंवा धातू तयार ठेवून वाट बघावी लागते. होल्डिंगमध्ये वीज जाते आणि माल शून्य. महिन्याचं वेळापत्रक पक्कं दिलं तर एका ग्रेडच्या हीट (भट्टीच्या वितळवण्याच्या फेऱ्या) सलग लागतात. झाकण उघडं ठेवणं आणि गरजेपेक्षा जास्त तापमानावर नेणं, हे दोन चोर प्रत्येक शॉपवर असतात. ओतायचं तापमान लिहिलेलं असतं, पण मोजलं जात नाही.

तिसरं, दाबाची हवा. मशिनिंग, शॉट ब्लास्टिंग, मोल्डिंग, सगळीकडे ती लागते आणि सगळीकडे गळते. चाचणी फुकट आहे. सुट्टीच्या दिवशी, एकही यंत्र चालू नसताना कॉम्प्रेसर सुरू करा आणि तो किती सेकंद लोडवर (हवा भरत), किती अनलोडवर (नुसता फिरत) राहतो ते दहाबारा चक्रं मोजा. लोड ९० सेकंद आणि अनलोड २१० सेकंद असेल तर ९० भागिले ३००, म्हणजे ३० टक्के हवा गळतीत. देखभाल नसलेल्या ठिकाणी २० ते ३० टक्के ही नेहमीची गोष्ट आहे. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असलेल्या कॉम्प्रेसरवर हे गणित चालत नाही, तिथे थेट किलोवॅट वाचा. ७ बार दाबाला ३ मिमीचं एक भोक जवळजवळ ४ किलोवॅट खातं.

गळती बंद केल्यावर दाब उतरवा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी दाब उतरवला तर लांबच्या यंत्रांना हवा कमी पडते आणि कामगार सेटिंग पुन्हा चढवतात. साधारण ७ बारच्या आसपास एक बार कमी केला की ६ ते ७ टक्के वीज वाचते.

पंखे-पंप डँपर किंवा व्हॉल्व्हने दाबून चालवलेले दिसले तर व्हीएफडी सुचवा. वेग २० टक्के कमी केला की शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. पण ज्या पंपाला उंचीचा स्थिर दाब ढकलायचा आहे तिथे इतका फायदा नसतो, हे आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही.

करार_आणि_दर

तांत्रिक यादी बरोबर आहे, पण फाउंड्री ती का करत नाही हेही बघा.

पुरवठादार विजेचा आकडा देत नाही, कारण त्यातून त्याचा उत्पादन खर्च कळतो. आज टनाला किती युनिट हे सांगितलं, तर उद्या भाव ठरवताना तेच समोर ठेवलं जाईल ही भीती रास्त आहे. उपाय असा: माहिती गोळा करणारा गट खरेदी विभागापासून वेगळा ठेवा, गोपनीयतेचा करार करा, आणि शक्यतो त्रयस्थ संस्थेकडे कच्चे आकडे जाऊ द्या, तुमच्याकडे फक्त टनामागचं उत्सर्जन येऊ द्या. आणि लेखी लिहून द्या की वाचवलेल्या ऊर्जेच्या नावाखाली ठरावीक काळ, समजा दोन वर्षं, भावकपात मागणार नाही. हे एक वाक्य कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त काम करतं.

दुसरा अडथळा कर्जाचा. एका वर्षाची ऑर्डर असलेला कारखानदार तीन वर्षांत पैसे वसूल होणारी यंत्रणा बसवत नाही, आणि बसवू नयेच. त्याला तीन वर्षांचा करार आणि किमान टनांची हमी द्या. ते जमत नसेल तर निदान बिलाचे पैसे ९० ऐवजी ३० दिवसांत द्या, खेळत्या भांडवलातून सुटलेली रक्कम मीटर आणि व्हीएफडीला पुरते. टूलिंगसारखं काही उपकरण तुम्हीच खरेदी करून त्याच्या शॉपवर ठेवू शकता, किंमत प्रत्येक नगातून वळती करायची.

हरित विजेचं एकट्या छोट्या कारखान्याला जमत नाही, कारण वीज उत्पादक पत आणि मोठी मागणी बघतो. आठ-दहा पुरवठादारांची मागणी एकत्र करून तुम्ही मध्यस्थी करा. ॲपलने पुरवठादारांसाठी स्वच्छ विजेचा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू केला, त्यातही पुरवठादारांना स्वच्छ वीज मिळवायला मदत केली जाते. हरित विजेची प्रमाणपत्रं घेतली असतील तर तीन गोष्टी तपासा: कोणत्या वर्षाची निर्मिती, कोणत्या बाजारातली, आणि कोणाच्या नावावर रद्द केली. तीच हरित युनिट दोन ग्राहकांना वाटलेली नाहीत ना, हेही विचारा.

आणि खरेदी अधिकाऱ्याचं मूल्यमापन फक्त भावावर होत असेल, तर वरचं काहीही टिकणार नाही. निविदेच्या गुणांकनात उत्सर्जनाला स्पष्ट वजन ठेवा, आणि ते आधीच जाहीर करा.

व्हॉल्व्ह_खरेदी

फाउंड्रीचं लक्षात आलं, यील्डपासून सुरुवात करतो. पण स्टीलचे बार आणि ॲल्युमिनियम प्रचंड मोठ्या गिरण्यांकडून येतं. त्यांच्यासाठी आम्ही नगण्य ग्राहक. तिथे काय करायचं?

मिश्रधातू

तिथे वाटाघाटी नाही, निवड करायची. स्टील कोणत्या मार्गाने बनलं हे विचारा. ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने टनाला दोन टनांहून अधिक उत्सर्जन होतं, भंगारावर चालणाऱ्या विद्युत भट्टीत त्याच्या लहानशा भागाएवढं. बारच्या ऑर्डरवर ग्रेडसोबत उत्पादनमार्ग आणि पर्यावरण घोषणापत्राची (उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामांच्या पडताळलेल्या अहवालाची) मागणी लिहा. वितरक म्हणेल की माहीत नाही. हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटवर असतोच, त्यावरून गिरणी कळते, गिरणीवरून मार्ग.

ॲल्युमिनियममध्ये विजेचा स्रोत सगळं ठरवतो. प्राथमिक (खनिजापासून नव्याने बनवलेल्या) धातूच्या इलेक्ट्रोलिसिसला टनामागे १३ ते १५ हजार युनिट लागतात. जलविद्युतवर बनलेला आणि कोळशाच्या विजेवर बनलेला धातू यांत टनाला चौपट फरक पडतो. पुनर्वितळलेल्याला प्राथमिकच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा लागते. हाउसिंगच्या डाय कास्टिंग मिश्रधातूंना पुनर्वितळलेला धातू चालतो, त्यांची लोहाची मर्यादा सैल असते. ड्रॉइंगवर सवयीने ‘प्राथमिक धातूच’ लिहिलेलं असेल तर ते काढा.

एक सावधगिरी. जगात भंगार मर्यादित आहे. तुम्ही दुसऱ्याचं भंगार ओढून घेतलं तर तुमचा आकडा उतरतो, वातावरणातला उतरत नाही. त्यापेक्षा स्वतःचे मशिनिंगचे चिप्स (धातूचा कीस) बघा. कूलंटने भिजलेले, दोन-तीन मिश्रधातूंचे एकत्र ढीग भंगारवाल्याकडे जातात आणि हलक्या ग्रेडमध्ये वितळतात. प्रत्येक मिश्रधातूला वेगळा डबा, सेंट्रिफ्यूजने तेल काढणं, आणि परत त्याच पुरवठादाराकडे पाठवायचा करार, इतकं केलं की धातू आपल्या दर्जावर राहतो. ओले चिप्स वितळवताना धातू जळून जातो, म्हणून सुकवणं टाळू नका.

हिशेब_कार्बनचा

आलेले आकडे स्वीकारण्याआधी अशी पडताळणी करा. लोखंड सुमारे १,५०० अंशांपर्यंत वितळवायला सिद्धांतानेच टनाला ३९० युनिटच्या आसपास लागतात. कोणी भट्टीचा आकडा ४०० लिहिला तर मीटर, टन किंवा महिना यांतलं काहीतरी चुकलं आहे. वितळवलेला टन आणि बाहेर गेलेला टन यांची गल्लत तर फारच होते. युनिट आणि हजार युनिट यांची अदलाबदल झाली की उत्तर हजार पटीने चुकतं, ते लगेच दिसतं. नैसर्गिक वायूचं बिल मात्र बहुतेकदा उच्च उष्मांकावर असतं आणि प्रकाशित गुणांक निम्न उष्मांकावर, तिथे सुमारे १० टक्के फरक शांतपणे शिरतो. बिलावर कोणता उष्मांक आहे ते विचारून घ्या.

डिझेलमध्ये जनरेटरचं आणि ट्रकचं वेगळं ठेवायला सांगा. ट्रक तुमच्या खात्यात वाहतुकीतही मोजला गेला असेल तर तोच लिटर दोनदा येतो.