लाकडाचं बेअरिंग? टिकतं की!

लाकडाचं बेअरिंग टिकतं का, असं कुणीतरी विचारलं आणि दोघातिघांनी ते हसण्यावारी नेलं. टिकतं. कॅरिबियन बेटांकडं लिग्नम व्हिटे नावाचं लाकूड होतं, म्हणजे त्याचं झाड तिकडं वाढतं, घनता पाण्याच्या १.२ पटीच्या आसपास. माझ्याकडं खरादीला आलेला वीतभर तुकडा हौदात टाकला तर दगडासारखा तळाला गेला. आपली वाळलेली बाभूळ कितीही चिवट असली तरी तरंगते.

खरी गंमत आतल्या राळेची. बैलगाडीच्या आखाला वंगण घातलं नाही तर अख्ख्या गावाला कुरकुर ऐकू येते. या लाकडाचं वंगण त्याच्या पोटातच! म्हणून तर १८५० च्या दशकापासून आगबोटींच्या पंख्याच्या दांड्याला याची बेअरिंगं बसवत आले, समुद्राच्या पाण्यातच फिरणारी.

कापताना मात्र जीव काढतं. रेषा उलटसुलट गुंतलेल्या, माझ्या पटाशीची धार दहा मिनिटांत गेली. तेलकटपणामुळं गोंदही धरत नाही, आधी थिनरनं पुसून घ्यावं लागतं.

झाड फार सावकाश वाढतं आणि व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. त्यामुळं लातूरच्या वखारीत कुणी स्वस्तात ‘अस्सल’ म्हणून देत असेल तर आधी बादलीत टाकून बघा. बुडालं म्हणजे तेच असं नाही, पण तरंगलं तर नक्कीच नाही.