मदत हवी आहे: गोधडी, हिमरू शाल आणि चामडी पर्सला बोक्याच्या मुताचा वास

बिंदुसरा (बीड)
बोक्यानं कपाटाच्या खालच्या कप्प्यात घाण केली. जाड सुती गोधडी, हिमरू शाल आणि चामड्याची पर्स, तिन्ही त्यात भिजल्या. गोधडी साबणाच्या वडीनं धुऊन उन्हात टाकली तर वास गेला, पण आभाळ भरून आलं की परत तोच भपकारा. शाल आणि पर्स अजून तशाच आहेत. पाणी बोअरचं, जड. टँकरचं पाणी मोजूनमापून वापरावं लागतं. काय करावं?

मांजराकाठ (लातूर)
ताई, वास गेला नव्हता, फक्त सुकला होता. लघवीतला युरिया पाण्यात विरघळून निघतो, पण युरिक आम्ल पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्याचे खडे धाग्यात बसून राहतात आणि हवेत ओल आली की परत वास मारतात. मांजराच्या लघवीत गंधकाची संयुगंही असतात, म्हणून तिचा वास कुत्र्यापेक्षा उग्र. आणि जड पाण्यात वडीचा साबण फाटतो, त्याचा चिकट थर कापडावर बसून वास आत कोंडतो. वडी सोडा, पावडर किंवा लिक्विड घ्या.

गोधडीचं असं करा. एक भाग पांढरा व्हिनेगर (५ टक्क्यांचा), तीन भाग पाणी. डागापुरतंच ओता, पण सढळ हातानं. मूत जितकं खोल गेलंय तितकं हे पाणी खाली पोचलं पाहिजे. वरवर पुसलं तर आतला कापूस तसाच राहतो. अर्ध्या तासानं दाबून पिळा आणि साध्या पाण्यानं एकदा खळबळून काढा. मग एन्झाइमवालं (म्हणजे घाणीचे घटक तोडणारे पदार्थ असलेलं) डिटर्जंट किंवा पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर कोमट पाण्यात, म्हणजे हाताला सुखद लागेल इतक्या, डागावर मुरवा. वर ओलं फडकं टाकून काही तास झाकून ठेवा. एन्झाइम ओल्यातच काम करतं, सुकलं की थांबलं. शेवटी धुऊन बाजेवर दोन्ही बाजूंनी वाळवा. वास पूर्ण जाईपर्यंत उकळतं पाणी आणि इस्त्री लावू नका, उष्णतेनं डाग पक्का होतो.

धागाविणकर (पैठण)
थांबा, ही रीत शालीला लावू नका! हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असतं. रेशीम म्हणजे प्रथिनं, आणि डिटर्जंटमधलं प्रोटिएज हे एन्झाइम प्रथिनंच खातं. लोकर आणि पैठणीलाही तेच. डिटर्जंटच्या पाकिटावर ‘रेशीम व लोकरीसाठी’ लिहिलेलं असेल तरच वापरा. तेही आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून, रंग सुटतो का बघून. शाल गार पाण्यात, न घासता, न पिळता. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवी वाळवा. जरीचा काठ असेल तर व्हिनेगर त्याच्यापासून लांब ठेवा. शाल जुनी आणि किमती असेल तर घरी प्रयोग नकोत, डाग दाखवून ड्रायक्लीनरकडे द्या.

मांजराकाठ
बरोबर, माझं उत्तर सुती गोधडीपुरतंच.

सोडाखार (परभणी)
व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळण्याचा उपाय सगळीकडे फिरतोय. फेस येतो छान, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. सोडा वापरायचाच तर वाळल्यावर पसरा, रात्रभर ठेवा, झटका.

पांढऱ्या सुती कपड्याला हायड्रोजन पेरॉक्साइड चालतो. मेडिकलवर साधारण ६ टक्क्यांचा मिळतो, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. एक कप द्रावण, चमचाभर खाण्याचा सोडा, भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब. पंधरा मिनिटं ठेवून धुवा. उरलं तर ओतून द्या, झाकण लावून ठेवलं तर बाटली फुगून फुटते. रंगीत कापडाला, रेशमाला आणि एन्झाइमसोबत तर नाहीच, कारण पेरॉक्साइड एन्झाइम मारतो. ब्लीच तर अजिबात नको. मुतातल्या अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो, बंद न्हाणीत श्वास कोंडेल.

फिनेलनं मुताचा वास वरवर झाकला जातो, खाली तसाच राहतो. आणि त्यातलं फिनॉल मांजराला विषारी असतं, पंजे चाटताना पोटात जातं.

बिंदुसरा
आणि पर्स? आतलं अस्तर कापडी आहे.

धागाविणकर
चामडं भिजवायचं नाही. अस्तर उलटं बाहेर ओढा, खरी घाण बहुतेक तिथंच असते. अस्तरावर एन्झाइमचं ओलं फडकं, चामड्यावर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं पुसणं. पितळी बकलला व्हिनेगर लागू देऊ नका. सावलीत वाळल्यावर चामड्याचं तेल किंवा क्रीम लावा, नाहीतर तडे जातात. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि सोड्याची पुरचुंडी ठेवा, पुरचुंडी ओलसर झाली की बदला.

सोडाखार
डाग कुठवर गेलाय ते कळत नसेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, मूत पिवळट चमकतं. पांढरे धुतलेले कपडे पावडरीमुळे निळसर चमकतात, त्याला फसू नका. कपाटाची फळीही बघा. ती साफ केली नाही तर बोका वास हुंगून परत तिथंच येणार.

मांजराकाठ
आणि ताई, नर बोका वारंवार जोर करतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, त्यात जीव जातो.