मदत हवी आहे: ‘वॉटरशेड’ला मराठीत काय म्हणावं?

इतिहासावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात एका घटनेला ‘वॉटरशेड’ म्हटलंय आणि पुढच्याच वाक्यात तिच्या ‘अलीकडच्या उतारावरची’ आणि ‘पलीकडच्या उतारावरची’ माणसं येतात.

शोधलं ते असं. यातल्या ‘शेड’चा छपराशी संबंध नाही, त्याचा अर्थ विभागणी. 19व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन ‘वासरशायडे’च्या धर्तीवर हा शब्द इंग्रजीत आला. मूळ अर्थ दोन खोऱ्यांमधला उंचवटा: एका सरीतलं निम्मं पाणी या नदीला, निम्मं त्या नदीला. त्यावरूनच काळाचे दोन भाग पाडणारी घटना हा अर्थ आला. अमेरिकेत मात्र अख्ख्या खोऱ्यालाच वॉटरशेड म्हणतात. आपलं ‘पाणलोट क्षेत्र’ या अर्थाचं, म्हणून इथे बाद.

‘कलाटणी’ आणि ‘निर्णायक वळण’ लावून पाहिलं. पण वळणावर प्रवाह एकच राहतो, नुसती दिशा बदलते, आणि मग पुढच्या वाक्यातले उतार लटकतात. ‘जलविभाजक’ अचूक आहे, पण भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. ‘मैलाचा दगड’ सुचवू नका, त्यात विभागणीच नाही.

तळटीप देता येणार नाही, वाचक सर्वसाधारण आहेत आणि उतारांची प्रतिमा मला कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाही. डोंगराळ भागात, जिथून पाणी दोन्हीकडे फुटतं त्या धारेला बोलीत काही रुळलेला शब्द आहे का? आणि तो घटनेसाठी वापरला तर सहज कळेल का?