सिंहस्थाचं सॉफ्टवेअर: कोड खुला असावा की नसावा?

गोदाकाठ:
२०२७ च्या सिंहस्थात गर्दी, पार्किंग, हरवलेली माणसं या सगळ्याचा बराच भार सॉफ्टवेअरवर पडणार. लोकांच्या पैशातून ते बनत असेल, तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सरकारच्या ताब्यात आणि सर्वांना पाहायला खुला हवा. अशा खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरसाठी केंद्राचं ओपन सोर्स धोरण २०१५ चं आहे. ओपन सोर्स का नको, याचं कारण पुरवठादाराने द्यायचं असं त्यात आहे. नाहीतर कंत्राट संपलं की पुन्हा त्याच कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं.

सातपूरकर:
खुलं म्हणजे सुरक्षित, हे कुणी सांगितलं? इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड नावाची चूक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, सापडली २०१४ मध्ये. मी सर्व्हर सांभाळतो. पॅच, म्हणजे चूक दुरुस्त करणारा तुकडा, येतो, तो लावायला माणूस नसतो. खरं दुखणं हे आहे.

गोदाकाठ:
मान्य, पण ते दुखणं बंद सॉफ्टवेअरलाही आहे. विंडोजचे संगणक ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरला, मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता. उलट २०२४ मध्ये फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला, कारण लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे एका अभियंत्याला कोडमध्ये शिरून बघता आलं.

सातपूरकर:
तो योगायोग होता. नशिबावर सुरक्षा चालत नाही.

टेबल क्रमांक चार:
सरकारी कार्यालयात काम करते. आमच्याकडे वर्डऐवजी लिब्रेऑफिस हे खुलं सॉफ्टवेअर बसवलं आणि प्रशिक्षण काहीच नाही. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर मराठी सारखीच दिसावी यासाठीच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमधलं जुनं पत्र उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. तक्ते विस्कटतात ते वेगळंच. वरून निरोप, ‘वर्डमध्येच पाठवा.’ जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायचं ठरवलं आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं, ते उगाच नाही.

गोदाकाठ:
ताई, फाँटचा त्रास खरा आहे. पण तो जुन्या फाँटच्या कोंडीतूनच आलाय. तो फाँट नसलेल्या विंडोजवरही ते पत्र असंच दिसेल. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स टिकलं, कारण तिथे शिक्षकांना शिकवलं गेलं. प्रशिक्षणाचा खर्च टेंडरमध्येच धरायला हवा.

सातपूरकर:
धरा. पण कोड मेळा आटोपल्यावर खुला करा. ऐन पर्वणीत कुणी भोक शोधून यंत्रणा पाडली तर?

गोदाकाठ:
पासवर्ड, सर्व्हरची मांडणी, कॅमेऱ्यांच्या जागा गुप्तच ठेवा. कोड मात्र वर्षभर आधी उघडा. भोक शोधणारे चांगले लोकही आपल्याला पर्वणीच्या आधीच हवेत.