खुब्याचा सांधा बदलल्यावर रुग्णाला चौथ्या दिवशी गावी पाठवावे का?

मूळ मत (निवृत्त परिसेविका, यवतमाळ जिल्हा):
नागपूर किंवा सेवाग्रामला खुब्याचा सांधा बदलून घेतलेले रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी गावी परततात. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, ज्या घरी परिचारिका फिरकणार नाही तिथे रुग्णाला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या सुतळीच्या बाजेला मध्ये झोळ पडतो. तिच्यावर बसले की गुडघे खुब्याच्या वर येतात, सांधा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर तो निसटू शकतो. उकिडवे बसणे आणि पायावर पाय टाकणे यांचेही तेच. त्याहून भीती वाटते ती मालिशीची. पोटरी सुजून दुखू लागली की घरचे मायेपोटी तेल लावून रगडतात. ती सूज रक्ताच्या गुठळीची असेल, तर गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि रुग्ण दगावू शकतो. परिचारिका दोन्ही पोटऱ्या टेपने मोजते, म्हणून तिला शंका वेळेत येते.

प्रतिसाद (शेतकरी, वर्धा जिल्हा):
ताई, आपल्या अनुभवाचा आदर राखून मी असहमत आहे. पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, टाचेला आणि पाठीला जखमा होतात. म्हणून तर डॉक्टर लवकरात लवकर वॉकर धरून उभे करतात. ऐन कापूस वेचणीत घरातला माणूस शहरात अडकला तर ते नुकसान कोण भरून देणार? माझ्या आईच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरने सुटीआधी मला आणि पत्नीला समोर बसवून सारे शिकवले. आम्ही पलंगाच्या पायांखाली विटा लावून उंची वाढवली, न्हाणीत कमोडची खुर्ची ठेवली, झोपताना दोन पायांमध्ये उशी दिली आणि जागेपणी तासातासाला पावले वर-खाली हलवून घेतली. गुठळी न होण्याच्या गोळ्या वेळेवर दिल्या. आई व्यवस्थित चालू लागली.

प्रतिसाद (परिचारिका, गडचिरोली जिल्हा):
सगळे रुग्ण सारखे नसतात. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच सांधा बदलावा लागलेले रुग्ण असतात. शरीरातले पाणी घटले की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात. मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, लघवीला उठावे लागेल म्हणून असा रुग्ण पाणी कमी पितो आणि त्याला ताप किंवा धाप आली तर घरचे थकवा समजतात. याच जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू कमी केले. आज आशाताई बाळासाठी ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात. तशा भेटी या रुग्णांना का नसाव्यात?

प्रतिसाद (आशा स्वयंसेविका, चंद्रपूर जिल्हा):
सूचना चांगली असली तरी हे काम आमच्यावर टाकू नये. जखमेत पू होतो आहे की नाही, रक्त पातळ करणाऱ्या औषधाने शौच काळी झाली आहे का, हे पारखण्याचे प्रशिक्षण आम्हाला नाही आणि मोबदल्याचा काही भागही कामागणिकच मिळतो. ही जबाबदारी उपकेंद्रातील परिचारिकेची किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची आहे.

मूळ लेखिकेचे उत्तर:
आशाताईंचे म्हणणे मला मान्य आहे. दादांच्या घरासारखी तयारी असेल तर चौथ्या दिवसालाही माझी हरकत नाही. मात्र सुटीच्या कागदावर पोटऱ्यांचे माप, उपकेंद्राचे नाव आणि पहिल्या भेटीची तारीख लिहिलेली असावी. ज्या म्हातारीच्या घरी पाणी देणारेही कोणी नाही, तिला टाके निघेपर्यंत वॉर्डातच ठेवावे, यावर मी ठाम आहे.